सहा वर्षांच्या मादी सशाचे निर्बीजीकरण करावे का?

रानजाई, पुणे
१७ नोव्हेंबर

नमस्कार. एका निर्णयापाशी गेले तीन आठवडे अडून बसले आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्याकडे शेवंती नावाची पांढरी मादी ससा आहे. ती तीन महिन्यांची असताना घरी आली आणि आता तिला सहा वर्षे पूर्ण झाली आहेत. वजन २ किलो २०० ग्रॅम आहे, खाणेपिणे व्यवस्थित आहे आणि सकाळी कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज आला की ती आजही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते. लहानपणीच तिचे निर्बीजीकरण करायला हवे होते, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घरात दुसरा ससा नाही, मग पिल्लांचा प्रश्नच कुठे येतो, एवढाच माझा विचार होता.

वर्षातून एकदा-दोनदा ती गळ्याखालच्या पोळीचे आणि छातीचे केस उपटून दिवाणामागे घरटे करायची. दोन-अडीच आठवड्यांनी ते खूळ आपोआप जायचे. यंदा मात्र गणपतीपासून आतापर्यंत तीनदा असे झाले. त्यातच दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिच्या पांढऱ्या पंचावर रुपयाएवढा तांबूस डाग दिसला. नंतर आठ दिवस काही नाही, आणि मग पुन्हा एकदा तसाच डाग.

जवळच्या पशुवैद्यांचे म्हणणे असे की, ससा भुलेत दगावण्याची भीती असते आणि या वयात उगाच पोट उघडू नये. सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे, की गर्भाशय काढायला आधीच उशीर झाला आहे आणि आणखी उशीर करू नये. माझी आई दुपारभर शेवंतीजवळ बसून असते. ती म्हणते, खातेपिते जनावर आपल्या हाताने मरणाच्या दारात का नेऊन उभे करायचे? मला तिघांचेही पटते, आणि म्हणूनच काही ठरत नाही.

मोठ्या वयाच्या मादी सशाची ही शस्त्रक्रिया ज्यांनी केली आहे, किंवा विचार करून टाळली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दगडफूल, ठाणे
१७ नोव्हेंबर

रानजाई, शस्त्रक्रियेचे ठरवण्याआधी तो तांबूस डाग कशाचा आहे हे नक्की करून घ्या. सशांची लघवी काही वेळा अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे नारिंगी, विटकरी, अगदी लालसरही होते आणि त्यात रक्ताचा थेंबही नसतो. आमच्या सशाला असेच झाले होते आणि आम्ही रात्री दहाला दवाखाना गाठला होता. तपासणीच्या पट्टीवर रक्त आलेच नाही.

शेवंतीला धुतलेल्या कोरड्या फरशीवर सोडा, लघवी झाली की ती सुई नसलेल्या सिरिंजने उचला आणि ताजी असतानाच डॉक्टरांकडे पोचवा. साधी पट्टीची तपासणी आहे, खर्चही फारसा नाही. एक मात्र लक्षात ठेवा, रक्त अधूनमधूनच जात असेल तर एका नमुन्यात ते सापडेलच असे नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. सगळी लघवी एकसारखी लाल आहे, की शेवटी शेवटी गडद थेंब किंवा गुठळी येते, हेही पाहून ठेवा. गर्भाशयातून रक्त येत असेल तर बहुतेक वेळा दुसरा प्रकार दिसतो.

पारिजातक, सातारा
१८ नोव्हेंबर

मी पशुवैद्य आहे. माझा बहुतेक वेळ गाई-म्हशींमध्ये जातो, पण ससेही पाहतो. शेवंतीला तपासलेले नसल्यामुळे तिच्याबद्दल मत देत नाही, पण दोन डॉक्टरांनी दोन टोकाचे सल्ले का दिले असतील, ते सांगता येईल. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे.

आधी भुलेचे पाहू. ब्रिटनमधल्या ११७ दवाखान्यांनी २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची नोंद ठेवली होती. त्यात निरोगी सशांमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.७३ टक्के, म्हणजे साधारण १३७ सशांमागे एक, असे निघाले. आजारी सशांमध्ये हेच प्रमाण ७.३७ टक्के, म्हणजे चौदामागे एक होते. कुत्र्या-मांजरांच्या मानाने हा धोका बराच जास्त आहे, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांची भीती अनाठायी नाही. मात्र त्याच आकड्यांत दुसऱ्या डॉक्टरांची घाईही आहे. आज बऱ्या असलेल्या जनावराला भूल देणे आणि दीड वर्षाने, रक्तस्रावाने अशक्त झाल्यावर, नाइलाज म्हणून भूल देणे यांत दहापटीचे अंतर पडते. आज शस्त्रक्रिया टाळली म्हणजे ती कायमची टळली, असे मादी सशाच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही.

आता गर्भाशयाचे. वय वाढलेल्या मादी सशांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग फार आढळतो. ५० ते ८० टक्के असा आकडा तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. तो चार वर्षांवरील माद्यांचा आहे आणि विशिष्ट जातींच्या सशांवरच्या जुन्या पाहण्यांतून आलेला आहे. घरातल्या प्रत्येक सशाला तो जसाच्या तसा लावू नये, असे माझे मत आहे. पण आकडा कमी धरला तरी हा आजार विरळा नाही, ही गोष्ट उरतेच. शिवाय कर्करोग नसला तरी अस्तर जाड होणे, पू साठणे, अस्तरातल्या शिरा फुगून अचानक मोठा रक्तस्राव होणे, असे इतर विकारही असतात. वारंवार खोटी गर्भधारणा (गाभण नसतानाही केस उपटून घरटे करणे) आणि सोबत रक्ताचा डाग, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मी स्वस्थ बसणार नाही.

त्यातल्या त्यात दिलासा असा की हा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो. तो गर्भाशयातच असताना गर्भाशय आणि बीजांडकोश काढले तर जनावर पूर्ण बरे होऊ शकते. एकदा तो फुप्फुसात पोचला की मात्र पोट उघडून काही साधत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय होकार देऊ नका. त्याबरोबर पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करा, त्यात मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही आले पाहिजेत. दातही तपासून घ्या, कारण मागच्या दाढा वाढलेला ससा शस्त्रक्रियेनंतर खायला तयार होत नाही आणि दोष टाक्यांना दिला जातो.

मोठ्या वयात ही शस्त्रक्रिया अवघड का होते, तेही सांगतो. मादी सशाची चरबी गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या पडद्यात साठते. तरुण मादीत हा पडदा पातळ असतो आणि रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. सहा वर्षांच्या लठ्ठ मादीत तो लोण्यासारखा हाताखाली तुटतो आणि वाहिन्या चरबीत दडलेल्या असतात. हे काम ज्याच्या हातून अनेकदा झाले आहे त्याच्याकडेच जावे. ‘तुम्ही सशांच्या किती शस्त्रक्रिया केल्या?’ हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना विचारण्यात काहीही गैर नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि वागणूक सुधारेल म्हणून सहा वर्षांच्या सशाचे पोट उघडू नये. तुमच्यासमोर ते कारण नाही, पण हा धागा पुढे इतरही वाचतील म्हणून लिहिले.

आंबेमोहोर, नाशिक
१८ नोव्हेंबर

मला हे लिहायला जड जाते आहे, पण कुणाचा तरी ससा वाचेल म्हणून लिहितो.

आमची मादी साडेचार वर्षांची होती. एका दवाखान्यात आम्हाला सांगितले की आदल्या रात्री आठनंतर काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नको. कुत्र्यांना हाच नियम असतो, म्हणून आम्हीही प्रश्न केला नाही. ससा उलटी करूच शकत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवण्याचे ते कारणच उरत नाही, आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, हे मला नंतर कळले. शस्त्रक्रिया दुपारी तीनला झाली. संध्याकाळी सात वाजता तिला आमच्या हातात दिले तेव्हा ती थंड लागत होती. ‘आज झोपू द्या, उद्या खाईल,’ असे सांगितले गेले. घरी द्यायला वेदनाशामक दिले नव्हते आणि आम्हाला ते मागायचे सुचले नाही.

ती रात्रभर कोपऱ्यात पाठ वर काढून, दात करकर वाजवत बसली होती. तिला झोप येत असेल असे मला वाटले. आज मला ठाऊक आहे की ते दुखण्याचे लक्षण होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही लेंडी पडली नाही आणि पोट फुगून ताठ झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

शस्त्रक्रिया करू नका, असे मी म्हणत नाही. पारिजातक यांनी सांगितलेल्या ब्रिटनच्या नोंदींतही सशांचे निम्म्याहून अधिक मृत्यू टेबलावर नव्हे, तर भूल उतरल्यानंतरच्या काळात झालेले आहेत, हे मी पुढे वाचले. ती पहिली रात्र कोण जागणार, वेदनाशामक कोणते आणि किती तासांनी द्यायचे, ससा खात नसेल तर सिरिंजने काय भरवायचे आणि मध्यरात्री फोन कुणाला करायचा, या प्रश्नांची उत्तरे हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका, एवढेच माझे सांगणे आहे.

पारिजातक, सातारा
१८ नोव्हेंबर

आंबेमोहोर, तुम्ही लिहिलेत ते फार मोलाचे आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. त्याला जोडून एकच सांगतो. शस्त्रक्रियेनंतर सशाला पोटातून अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटाचे कोणतेही औषध देऊ नये. त्याने आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. चिठ्ठी घरी नेण्याआधी काउंटरवरच वाचा आणि शंका आली तर तिथेच विचारा.

कोनफळ, लेस्टर
१९ नोव्हेंबर

इकडे ब्रिटनमध्ये ससे पाळणारी घरे पुष्कळ आहेत आणि मादीचे निर्बीजीकरण चार-सहा महिन्यांच्या वयातच करून घ्या, असे पहिल्या भेटीतच सांगितले जाते. माझी मादी मात्र निवारा केंद्रातून आली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिची शस्त्रक्रिया नीट झाली. दवाखान्याने तिचे नेहमीचे गवत, तिची भाजी आणि घरातला एक न धुतलेला पंचा सोबत आणायला सांगितले होते आणि खायला लागल्याशिवाय घरी सोडणार नाही, असे आधीच बजावले होते. पुण्यातल्या डॉक्टरांकडे तुम्हीही हीच अट घालून पाहा.

सोनटक्का, फोंडा
२० नोव्हेंबर

मी शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय घेतला, म्हणून लिहिते आहे. आमची मादी तेव्हा साडेआठ वर्षांची होती. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या एका शिंगात (गर्भाशयाला दोन फाटे असतात, त्यांना शिंगे म्हणतात) छोटी गाठ दिसली, पण रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडे बरीच थकलेली निघाली आणि सहा महिन्यांत तिचे वजनही पावशेराने उतरले होते. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि शेवटी म्हणाले की, ही माझी असती तर मी हिला भूल दिली नसती. त्या एका वाक्याने माझ्या मनावरचे ओझे उतरले.

पुढे आम्ही दर दोन महिन्यांनी तिला तपासून आणत होतो, वजन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेऊन वहीत लिहीत होतो, दुखणे वाटले तर औषध देत होतो. ती आणखी अकरा महिने जगली आणि त्यातले दहा तरी चांगले गेले. म्हणून रानजाईताई, तुमच्या आईंचे म्हणणे चुकीचे आहे असे कृपया समजू नका. ते कोणत्या जनावराला लागू पडते, हे तपासण्यांवरून ठरेल. सहा वर्षे आणि साडेआठ वर्षे यांतही फरक आहे.

रानजाई, पुणे
२८ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. आंबेमोहोर, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, रात्री मी जागीन.

तपासण्या झाल्या. लघवीचे तीन नमुने दिले, त्यांपैकी दोघांत रक्त सापडले. सोनोग्राफीत गर्भाशयाची दोन्ही शिंगे जाड दिसली आणि उजव्या शिंगात साधारण दीड सेंटिमीटरची गाठ आहे. छातीचा एक्स-रे दोन बाजूंनी काढला, फुप्फुसे स्वच्छ आहेत. मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहेत, रक्त किंचित कमी आहे. दाढा चांगल्या आहेत.

त्यामुळे ‘निरोगी सशाचे पोट कशाला उघडायचे’ हा प्रश्न आता आमच्यापुढे राहिलेला नाही. ती बाहेरून निरोगी दिसत होती, इतकेच. गाठ आहे आणि ती अजून पसरलेली दिसत नाही, म्हणजे करायचे तर आताच. सशांचे काम नेहमी करणाऱ्या डॉक्टरांकडे ९ डिसेंबरची सकाळची वेळ घेतली आहे. किती शस्त्रक्रिया केल्या, हे मी विचारले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, मोठ्या वयाच्या सशांपैकी किती दगावले तेही न विचारता सांगितले, आणि भूल देण्यासाठी वेगळे डॉक्टर असतील, असे स्पष्ट केले. थंडीचे दिवस आहेत हेही बरे झाले, कारण मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यात ती नुसतीच धापा टाकत पडलेली असते.

एक प्रश्न राहिला. घरी मी तिला थोडी लसूणघास देते. ती चालू ठेवावी का?

पारिजातक, सातारा
२८ नोव्हेंबर

लसूणघासात कॅल्शियम जास्त असते आणि सशाच्या शरीरातले जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मोठ्या सशाला ती रोज नको. शस्त्रक्रियेनंतर तिने दुसरे काहीच तोंडात घेतले नाही, तर मात्र दोन काड्या देऊन पाहा, त्या वेळी काहीही खाल्लेले चालेल. आहारात आता एकदम मोठा बदल करू नका. सकाळी निघेपर्यंत गवत तिच्यासमोर असू द्या आणि सिरिंजने भरवण्याचा सराव आतापासून करा. गालाच्या बाजूने, थोडे थोडे, गिळल्यावर पुढचे.

रानजाई, पुणे
११ डिसेंबर

शेवंती घरी आहे.

शस्त्रक्रियेला पाऊण तास लागला. पारिजातक, तुम्ही म्हणालात तशीच आत खूप चरबी होती, असे डॉक्टर म्हणाले. काढलेले गर्भाशय त्यांनी मला दाखवले. एका बाजूला गाठ टपोऱ्या जांभळासारखी दिसत होती. इतके दिवस ती हे पोटात घेऊन उंबऱ्याशी कोथिंबीर मागायला येत होती. यकृतावर आणि आतड्यांवर काही दिसले नाही. गर्भाशय बायोप्सीसाठी पाठवले आहे.

त्यांनी तिला संध्याकाळी सहापर्यंत ठेवून घेतले. कोथिंबिरीची तीन पाने खाल्ल्यावरच सोडले. पण घरी आल्यावर तिने गवताकडे पाहिलेसुद्धा नाही. कापसाच्या पंचात गुंडाळून, गरम पाण्याची पिशवी कापडात लपेटून बाजूला ठेवली. दर तीन तासांनी सिरिंजने भिजवलेल्या खाद्याची पेज भरवली, वेदनाशामक वेळेवर दिले. आईने शब्द पाळला. रात्री दोन ते पाच ती खुर्ची टाकून बसली होती आणि कागदावर वेळा लिहीत होती. पहाटे ४.२० ला पहिली लेंडी पडली, वाटाण्याच्या निम्मीही नसेल. आईने मला हलवून उठवले आणि बॅटरीच्या उजेडात ती दाखवली. सकाळी आठपर्यंत अकरा झाल्या. साडेनऊला शेवंतीने स्वतःहून गवताची काडी ओढली.

आंबेमोहोर, नाशिक
११ डिसेंबर

वाचून डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांगा. अजून तीन दिवस लेंड्या मोजणे सोडू नका आणि ती टाके चाटते का, यावर लक्ष ठेवा.

रानजाई, पुणे
२३ डिसेंबर

बायोप्सीचा अहवाल आला. गर्भाशयाच्या अस्तराचाच कर्करोग निघाला, पण तो बाहेरच्या थरापर्यंत पोचलेला नाही. डाव्या शिंगात कर्करोग नाही, नुसते अस्तर जाड झालेले आहे. आता पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायचा आहे. टाके भरून आले आहेत, पोटावरचे केस मखमलीसारखे उगवू लागले आहेत आणि वजन फक्त ६० ग्रॅमने उतरले आहे.

जवळच्या पशुवैद्यांनाही मी अहवाल नेऊन दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि झेरॉक्स काढून ठेवून घेतली. पहिला एक्स-रे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तो झाला की इथे लिहीन.